सत्तेचाळीस नंबरची काच

बिस्किटांचा रिकामा डबा. झाकणाला बोटभर फट.

लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस दारातून ओरडतो, "ताई, उतरलो एकदाचा दुसऱ्या मजल्यावर!"

भिंगावर केकचं क्रीम.

माझ्या मागच्या पायाखाली कागदाची घडी.

"उपकरण सदोष." सही. शिक्का.

मित्रांनो, हे शेवटचं वाक्य माझ्याबद्दल आहे आणि ते धादांत खोटं आहे. मी एक जुना मायक्रोस्कोप आहे. जुना म्हणा, मान्य. सदोष म्हणाल तर खबरदार.

मला बनवलं त्या कारखान्यात एक बाई फक्त भिंगं बसवायची. भिंग जागेवर बसेपर्यंत ती श्वास रोखून धरायची. तिच्या हातून मी बाहेर पडलो तेव्हा मला डोळे लावायच्या दोन जागा होत्या, म्हणजे दोघांनी समोरासमोर बसून एकच काच एकाच वेळी पाहावी. यावरून शिकाऊ डॉक्टर मला दुतोंडी म्हणायचे. म्हणोत बापडे. दोन तोंडं असून मी आयुष्यभर एकच गोष्ट दाखवली. काचेवर जे आहे ते.

माझी नेमणूक यकृताच्या आजारावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत झाली. तिथे काचताई होत्या. रोग्याच्या यकृतातून सुईने काढलेला तुकडा त्यांच्याकडे यायचा, पेन्सिलीतल्या शिशाहून बारीक. तो त्या मेणात बसवायच्या, पात्याने त्याचे पारदर्शक काप काढायच्या, काचेवर घ्यायच्या आणि रंगवायच्या. यकृतावर जिथे व्रण उठलेत, तिथे निळा रंग धरतो. निळं अजिबात नाही, तर शून्य. निळ्या रेघा एकमेकींना भिडायला लागल्या, तर तीन. निळ्या कड्यांनी यकृताचे गोळे गोळे करून टाकले, तर चार. चाराच्या पुढे आकडा नाही.

तेव्हाचे म्हातारे डॉक्टर फार हट्टी. त्यांचा नियम असा, की दोघांनी काच पाहायची, पण चकार शब्द काढायचा नाही. आपापला आकडा चिठ्ठीवर लिहायचा, घडी घालायची, बिस्किटांच्या डब्यात टाकायची. डबा शेवटी उघडायचा. आकडे जुळले नाहीत की भांडायचं, अगदी चहा गार होईपर्यंत. मी त्यांच्या मधोमध उभा असायचो. मित्रांनो, मला त्या भांडणांची ऊब होती.

म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले. मोठे सर आले. डबा हातात घेऊन त्यांनी खुळखुळ वाजवला.

"हे काय? लॉटरी काढता का इथे?"

सगळे हसले. मोठे सर बोलले की हसायचं असतं. त्या दिवसापासून डब्यात टाचण्या राहायला गेल्या आणि आकडे तोंडी सांगायची पद्धत पडली. आधी मोठे सर सांगणार, मग समोरचा मान डोलावणार, मग मोठे सर वहीत लिहिणार, 'दोघांचं एकमत'. एकमत! एकाच माणसाचं मत दोनदा मोजायचं आणि त्याला एकमत म्हणायचं!

त्याच सुमारास व्रण भरून काढणाऱ्या एका नव्या औषधाची चाचणी सुरू झाली. काचांवर रोग्यांची नावं नव्हती, नुसते नंबर. त्या रोग्यांत काचताईंचा धाकटा भाऊ होता, तोच लिफ्टवाला. आयुष्यात दारूचा थेंब नाही, तरी यकृत चरबीने खराब झालेलं. "लिव्हर म्हटलं की लोक आधी माझं तोंड हुंगतात," तो म्हणायचा. औषधाआधी त्याचा आकडा तीन होता. बहिणीचा विसरलेला जेवणाचा डबा द्यायला आला की तो दारातूनच विचारायचा, "ताई, मी अजून तिसऱ्याच मजल्यावर का गं?"

"मला नंबर माहीत नसतो, कितीदा सांगू? आणि चढू नकोस म्हणजे झालं."

वर्षभराने सगळ्यांचे तुकडे पुन्हा काढले. एका सकाळी सत्तेचाळीस नंबरची काच माझ्यावर होती. छोट्या मॅडम, म्हणजे मोठ्या सरांच्या हाताखालच्या डॉक्टर, लवकर येऊन बसल्या होत्या. त्यांना म्हाताऱ्या डॉक्टरांनी शिकवलेलं. मग मोठे सर आले, घड्याळाकडे पाहिलं, माझ्या डोळ्याला डोळा लावला आणि दहा मोजायच्या आत म्हणाले,

"दोन. छान उतरलंय. काय?"

छोट्या मॅडमनी ओठ उघडले.

"काय?" मोठे सर पुन्हा म्हणाले.

"हो सर. दोन."

"आणि हा हलतोय का? खाली काहीतरी घाला याच्या."

छोट्या मॅडमच्या मुठीत कागदाची घडी होती. ती त्यांनी माझ्या मागच्या पायाखाली सरकवली. मी हलायचा थांबलो. माझ्या आत मात्र निळ्या कड्या लख्ख दिसत होत्या, गोळ्यामागून गोळा, आणि मला तोंड असून वाचा नव्हती.

औषध गुणकारी ठरलं. माझ्याच टेबलावर केक कापला गेला. भिंगाच्या कडेला क्रीम लागलं, ते कुणी पुसलं नाही. प्रत्येक रोग्याला त्याचा आकडा कळवला. तेव्हाच तो दारातून ओरडला होता, दुसऱ्या मजल्यावर उतरलो म्हणून. काचताईंनी त्या दिवशी हातमोज्यांसकट त्याचा कान पिळला होता आणि डोळे पुसले होते.

यकृत फार निबर झालं, की अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटूही शकतात. म्हणून तो दर सहा महिन्यांनी नळी गिळून तपासणी करून घ्यायचा. आता मोठे सर म्हणाले, "दोनवाल्याला कशाला उगीच त्रास?" तपासणी बंद झाली. चार महिन्यांनी, भर दुपारी, एका इमारतीच्या लिफ्टवर काम करताना त्याला रक्ताची उलटी झाली. त्याला खाली आणायला दुसरी लिफ्ट नव्हती. जिन्याने आणेपर्यंत तो गेला.

तेराव्या दिवसाची वाट न पाहता काचताई कामावर आल्या. भावाच्या कागदांवर नंबर होता. त्यांनी खणातून काच काढली, माझ्यावर ठेवली, पाहिली. मग छोट्या मॅडमना हाक मारली.

"बघा."

"कुठली आहे?"

"आधी बघा. मग सांगते."

छोट्या मॅडमनी पाहिलं. "चार. यात काय विचारायचं?"

"सत्तेचाळीस आहे. वहीत दोन लिहिलंय. तुमचं एकमत आहे त्यावर."

छोट्या मॅडम खुर्ची मागे सरकवून उठल्या.

"तेव्हा मला... तेव्हा नीट दिसलं नसेल, ताई. मायक्रोस्कोप जुना आहे. भिंगाला बुरशी आलीय बहुतेक."

"मग आत्ता कसं दिसलं? बुरशी रजेवर गेली का?"

छोट्या मॅडम निघून गेल्या. पण बुरशी राहिली. ती अहवालात गेली. मोठ्या सरांनी सही केली, शिक्का मारला. काचताईंनी लेखी मागितलं, की सगळ्या काचा पुन्हा पाहा, वेगवेगळ्या खोल्यांत बसून पाहा, आणखी कितीजण खोट्या दोनवर फिरताहेत ते मोजा. उत्तर आलं, की सदोष उपकरण बदललं आहे, सबब विषय संपला आहे.

विषय! माणूस संपला, मित्रांनो.

आता मी अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे आहे, पायाला चिकटून बसलेल्या कागदाच्या घडीसकट. काचताई मधूनमधून येतात. मऊ फडक्याने भिंग पुसतात. क्रीम पहिल्याच दिवशी निघालं. खाली बुरशी नव्हती, हे त्यांनी उजेडात धरून पाहिलं. "तुला दिसलं होतं ना रे?" त्या विचारतात. त्यांचा हात माझ्या पायापासून वीतभर अंतरावर असतो.

मित्रांनो, भिंगं पुसत जा, यंत्रांवर झाकण घालत जा, हे सगळं करा. पण त्याआधी एक करा. जे दिसलं ते मोठा माणूस बोलायच्या आत लिहून ठेवा, आणि लिहिलेलं मुठीत दाबू नका. आणि तेवढंही जमत नसेल तर निदान आम्हाला आंधळं म्हणू नका. आम्ही पाहतो. गप्प तुम्ही बसता.

त्या सकाळी मोठे सर खोलीत येण्याआधी छोट्या मॅडमनी सत्तेचाळीस नंबरची काच पाहून चिठ्ठी लिहिली होती. तिच्यावर चार आहे.