घंगाळाला बेल्ट

आई सकाळपासून पायरीवर बसलेली. अंगावर लग्नाकार्याला नेसायचं हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी. कोंबड्या शेजारी देऊन झाल्या, गाय बाबल्याकडे बांधून झाली. आणि मुंबईहून आलेला दीपककाका घरापुढच्या खळ्यात उभा राहून, किल्ली बोटात फिरवत तिला सांगतोय, "वयनी, ह्या खेपेला जमेलसं वाटत नाय. गाडीत जागाच नाय."

आई म्हणाली, "बरं."

माझ्या आईचा एवढाच प्रॉब्लेम आहे. तिला कुणी काय पण सांगितलं तरी ती बरं म्हणते. माझं तसं नाय. मी नववीत शाळा सोडली ती पण मास्तरांना उलट बोलूनच.

आईच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटत चाललाय. रत्नागिरीच्या डॉक्टरनी सांगितलं, ऑपरेशन इथे होणार नाय, मुंबईला न्या, लवकर न्या, आणि नेताना धक्के बसता कामा नयेत. काकानेच तिकडच्या हॉस्पिटलात सोमवारची तारीख घेतली. फोनवर म्हणाला होता, "शिमग्याला येतोच आहे नव्या गाडीने, जाताना वयनीला घेऊन जातो, काळजी नको." म्हणून आम्ही रेल्वेचं बघितलं नाय. आता शिमग्याच्या परतीचा रविवार. गाड्या फुल, खाजगी बसा फुल, आणि एसटीत उभ्याने आईला कोण नेणार? उद्या ती तिकडे पोचली नाय तर डोळा गेला.

"जागा कशी नाय?" मी विचारलं.

"अगो, हायब्रिड गाडी आहे ही," काका मला शिकवायला लागला. "अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर. बॅटरी कुठे असते? डिकीच्या खाली. म्हणून डिकी उथळ. तुला नाय कळायचं."

मला सगळं कळत होतं. देवाची पालखी सहाणेच्या ओट्यावर बसलेली त्या दिवशी ह्याच माणसाने सगळ्या वाडीसमोर डिकी उघडून दाखवलेली. मागची सीट अशी पाडली, तशी पाडली, दोन पोरांना आत झोपवून दाखवलं. म्हणाला, "नुसती नावाला हायब्रिड, वाडीचं सगळं सामान मावेल हिच्यात." कारण वाडीच्या मुंबई मंडळाची निवडणूक आलीय आणि ह्याला अध्यक्ष व्हायचंय. तेव्हा बॅटरी कुठे गेली होती?

"मी लावून देते सामान," मी म्हटलं.

मी मिरजोळ्याला एमआयडीसीत पॅकिंगला जाते. खोके लावायची सवय आहे. काकाने सगळं नुसतं कोंबलेलं. बॅगा आडव्या, तांदळाची गोण त्यांच्यावर, नारळ जातील तिथे. मी सगळं खाली काढलं. गोण तळाला, बॅगा उभ्या, नारळ फटीफटीत सोडले, चपला-बूट सीटखाली. मागची डावी सीट पाडली आणि उजवी अख्खी मोकळी झाली. एक माणूस पाय पसरून बसेल एवढी.

"ये गो आई," मी हाक मारली.

आई उठली तेवढ्यात नम्रताकाकी न्हाणीतून आमचं तांब्याचं घंगाळ घेऊन आली. आम्ही रोज त्यात आंघोळीचं पाणी काढतो ते. पोटाशी धरून आणलं आणि मोकळ्या सीटवर ठेवलं.

"हे काय?"

"हॉलमध्ये ठेवणार आहे, झाड लावून. सगळ्यांकडे असतं आता. वयनींना मी विचारलंय."

आईने मान डोलावली. अर्थात.

काकाने गाडी चालू करून बघितली तर गाडी टीं टीं करायला लागली. सीटवर वजन आहे आणि बेल्ट नाय म्हणून. मग काकीने काय केलं असेल? बेल्ट ओढला, घंगाळाच्या कानातून घातला आणि खटकन लावला. गाडी गप झाली.

माझी आई पायरीवर परत बसली आणि घंगाळ बेल्ट लावून मुंबईला निघायला तयार झालं.

मला मग काय दिसेना. एक दगड उचलून काच फोडावी असंच आलं मनात. दगड हातात पण घेतला. मग वाटलं, काच फोडली तर हे लोक काचेचंच रडगाणं गातील आणि आईचा डोळा राहील बाजूला. दगड टाकला आणि दगडी गडग्यावरून उडी मारून वाडीत गेले.

पहिलं घर भिकाजीबाबांचं. ते आमचे गावकर, मंडळात कोणाला बसवायचं ते त्यांच्या शब्दावर ठरतं. मी म्हटलं, "बाबा, काकाने सांगितलंय, गाडीत भरपूर जागा आहे. मुंबईला कुणाला काय पाठवायचं असेल तर आणा. घरपोच देणार."

"घरपोच? माझी लेक नालासोपाऱ्याला रवते."

"नालासोपारा काय, विरार काय, काका म्हणतोय वाडीच्या कामाला नाय म्हणायचं नाय."

मग मी एक घर सोडलं नाय. ज्याचा पोरगा दिव्याला त्याच्याकडे गेले, ज्याची बहीण कल्याणला तिच्याकडे गेले. सगळ्यांना सांगितलं, आधी फोन करून कळवा, नायतर काका आणेल आणि घरी कुणी नसेल. आमच्याकडे मुंबईला जाणारी गाडी म्हणजे सगळ्या वाडीची असते, फक्त विचारायची लाज वाटते. ती लाज मी काढून टाकली.

मी परत आले तर खळ्यात जत्रा. कुळथाची पिठी, ओले काजूगर, सुकट, पोहे, लोणच्याची बरणी, कोवळे कुयरीचे फणस.

काकाचा चेहरा बघण्यासारखा होता. तोंड हसत होतं, कपाळाला घाम. "हो हो, आणा ना. आपलीच गाडी."

"दीपक, माझ्या लेकीला फोन झाला हां," भिकाजीबाबा म्हणाले. "ती वाट बघतेय. माणूस असावा तर तुझ्यासारखा."

"तुमच्यासाठी कधी पण, बाबा."

"काका, तू नको वाकू, कंबर धरेल," मी म्हटलं. "मी लावते."

आणि मी लावलं. आधी काकीची मोठी बॅग बाहेर काढली. काकी म्हणाली, "अगं ती माझी आहे." मी म्हटलं, "भिजणारं, फुटणारं आधी लागतं काकी, कपडे काय नंतर पण येतात." मग उजवी सीट सोडून मागचं सगळं छतापर्यंत भरलं. घंगाळ मी हलवलं नाय. त्यात सुकट, पिठी, काजूगर गच्च बसवले आणि बेल्ट परत आवळला. मागच्या पायाशी फणस. पिशव्या अशा अडकवल्या की एक काढली तर चार पडतील.

शेवटी बसायला दोनच जागा उरल्या. एक काकाची. आणि त्याच्या बाजूची.

मी आईचा हात धरला, तिला पायरीवरून उठवलं आणि त्या बाजूच्या सीटवर नेऊन बसवलं. बेल्ट लावला. पिशवी मांडीवर दिली.

"अगो निशी, मी उतरते," आई पुटपुटली.

"उतरून बघ." मी दार लावलं आणि पाठ टेकून उभी राहिले.

काकी पर्स घेऊन पुढे आली. "आणि मी कुठे बसू?"

सगळी वाडी खळ्यात. काकाने घंगाळाकडे बघितलं. "हे काढलं तर..."

"त्यात माझ्या लेकीची पिठी हाय," भिकाजीबाबा म्हणाले. "काढ की. कुणाकुणाचं काढतोस ते सांग फक्त."

"पण जागा..."

"जागा कमी पडली तर माणूस ठरवतो आधी कोण." बाबांनी काठी जमिनीवर टेकली. "हौसाचा डोळा थांबायचा नाय. नम्रता तरणी हाय, धडधाकट हाय, उद्या येईल एसटीने. त्यात काय एवढं? का तुला तिला न्यायचंच नव्हतं?"

काकाने काकीकडे बघितलं नाय. काकी काकाकडेच बघत होती. मग ती गर्रकन वळली आणि घरात गेली, आपल्या भावाला फोन लावून गाऱ्हाणं सांगायला. आवाज बाहेर येत होता. तेवढ्यात काका गाडीत बसला. बॅटरीवर निघाली की त्या गाडीचा आवाज येत नाय. काकी फोन ठेवून बाहेर आली तर खळ्यात तिची मोठी बॅग तेवढी उभी होती.

वाडी पांगली. आम्ही दोघीच राहिलो.

मी खूश होते. खोटं कशाला सांगू. चुलीवर भात टाकला, काकीला ताट वाढलं, सुकटीचं कालवण मुद्दाम जास्त वाढलं, तिला वास सहन होत नाय म्हणून. तिने हात लावला नाय. भिंतीकडे बघत म्हणाली,

"हुशार आहेस तू. फार हुशार. पण एक सांग मला. ऑपरेशन झाल्यावर तुझ्या आईच्या डोळ्यात तासातासाला औषध कोण घालणार? तिला न्हाऊ कोण घालणार, डॉक्टर सांगतात तसं पालथं कोण झोपवणार? तुझा काका?"

मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"मीच ना? माझ्याच घरात. आमचं घर केवढं आहे माहीत आहे? एक खोली आणि किचन. पोराचे बारावीचे पेपर चालू आहेत. म्हणून नको म्हणत होते. आता जाऊन करीनच मी सगळं. वाडीत सगळ्यांसमोर हसं केलंस ना माझं, ते पण लक्षात ठेवून करीन."

ती हे ओरडून नाय, हळू बोलली. म्हणून जास्त लागलं. माझ्या डोळ्यासमोर आई आली, पट्टी बांधलेली, पालथी झोपलेली. तिला पाणी पाहिजे आणि ती मागत नाय. कारण ती कधीच मागत नाय. आणि बाजूला ही बाई.

आईला मी नेऊन बसवलं होतं ते थेट हिच्या हातात.

राग गेला नाय. राग तसाच होता, फक्त आता त्याला काम मिळालं. मी उठले, दांडीवरचे माझे दोन ड्रेस ओढले, आईची जुनी शाल घेतली, सगळं पिशवीत कोंबलं. पॅकिंगच्या सुपरवायझरला फोन केला, येत नाय म्हणून सांगितलं. तो ओरडला. मी फोन ठेवला.

"हे काय करतेस?" काकीने विचारलं.

"उद्या सकाळच्या एसटीने मी पण येतेय. चिपळूणपर्यंत उभ्याने, पुढे मिळेल ते. आईच्या डोळ्यात औषध मी घालणार, न्हाऊ मी घालणार, झोपवणार मी. तुम्ही हात पण लावू नका."

"आणि राहणार कुठे?"

"तुमच्याकडे."

काकी माझ्याकडे बघतच राहिली. एक माणूस नको म्हणून एवढं केलं, आता दोन येणार होती. हिशोब तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होता.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"आईला नीट दिसेपर्यंत."

मी तिची मोठी बॅग खळ्यातून उचलून पडवीत आणली, माझी पिशवी तिच्यावर ठेवली, आणि तिच्यासमोरचं ताट स्वतःकडे ओढून जेवायला बसले.