वाघजळीच्या पुस्तकाचा विषय

मालनबाई तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात कामाला लागली तेव्हा तिथली तीन हजार पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली होती. उंच मागं, बुटकी पुढं. कुठलं पुस्तक कुठं आहे ते माझ्या डोक्यात आहे, असं ग्रंथपाल बन्सीधरराव म्हणायचे आणि ते खरंही होतं. पण १९८३ साली वाचनालयाला वरचा दर्जा मिळवायचं ठरलं. तपासणीला येणाऱ्या साहेबांना काही बन्सीधररावांच्या डोक्यात शिरता येणार नव्हतं. त्यांना कार्डं दाखवावी लागणार होती. प्रत्येक पुस्तकाची तीन कार्डं करायची होती, एक लेखकाच्या नावानं, एक पुस्तकाच्या नावानं आणि एक विषयाचं. मालनबाईनं परभणीला जाऊन ग्रंथालयाचा प्रमाणपत्र वर्ग केला होता, म्हणून तिला घेतलं.

पहिली दोन कार्डं कुणीही लिहिली असती. विषयाच्या कार्डाला मात्र पुस्तक उघडावं लागायचं. वर्गावरचे सर म्हणायचे, पुस्तकाच्या नावावर जाऊ नका. ते कशाबद्दल बोलतंय ते एका ओळीत सांगता आलं की विषय सापडला. मालनबाईला या कामाची गोडी लागली. नावात विहीर होती एवढ्यावरून एक नाटक पंधरा वर्षं नोंदवहीत शेतीखाली पडून होतं, ते तिनंच बाहेर काढलं. नवरा दत्तराव पाटबंधारे खात्यात कारकून होता, पोरगा पाच वर्षांचा. त्याला बालवाडीत सोडून ती अकराला वाचनालयात यायची आणि पाचपर्यंत मान वर करायची नाही.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी कस्तुराबाई आल्या. मागं हमालाच्या डोक्यावर लोखंडी पेटी.

मालनबाई चटकन उठली. कस्तुराबाई म्हणजे सिताराम गुरुजींच्या पत्नी. गुरुजी तिच्या माहेरी, वाघजळीला, अकरा वर्षं शिक्षक होते. तिथल्याच बौद्धवाड्यात राहायचे. मालनला मुळाक्षरं त्यांनीच गिरवायला लावली होती. पुढं ते बदली घेऊन परभणीला गेले आणि गेल्या पावसाळ्यात वारले, एवढं तिच्या कानावर आलं होतं.

"मालन ना तू? व्यंकटरावाची?"

"हो. बसा ना, बाई."

"बसत न्हाई. पेटी मालनकडंच दे, दुसऱ्या कुणाकडं देऊ नको, असं गुरुजी म्हणले होते. शेवटी शेवटी लय येळा म्हणले. म्हणून आले."

आणि त्या खरंच बसल्या नाहीत.

पेटीत व्याकरणाची पुस्तकं होती, चरित्रं होती, पाली भाषेचा एक कोश होता. तळाशी कापडी पाठ लावून घरीच शिवलेलं, चक्रमुद्रित केलेलं एक पुस्तक होतं. साठ-बासष्ट पानं. वर गुरुजींच्या वळणदार अक्षरात नाव होतं, 'वाघजळीची हकीकत'.

आपल्या गावावर कुणी पुस्तक लिहिलं याचं मालनबाईला आधी कौतुकच वाटलं. तिनं कार्डाच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं 'स्थानिक इतिहास' असं लिहिलं आणि सवयीनं पुस्तक उघडलं.

पहिल्याच पानावर तारीख होती, ३ ऑगस्ट १९७८. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, तेव्हाची. त्या दिवशी दिवेलागणीला वाघजळीच्या बौद्धवाड्यातली एकोणीस घरं जाळण्यात आली, असं गुरुजींनी लिहिलं होतं. जळाली असं नव्हे, जाळण्यात आली.

मालनबाईला ही आग माहीत होती. घासलेटची चिमणी कलंडली, गवताचं छप्पर पेटलं, वारं होतं, एकाचं दुसऱ्याला लागलं, असं तिचे वडील व्यंकटराव, म्हणजे अण्णा, सांगायचे. गावात सगळेच तसं सांगायचे.

पुढं घरवार यादी होती. मुंजाजी, दोन पोती ज्वारी, शिवणयंत्र, पोरीची दहावीची गुणपत्रिका. बायनाबाई, शेळी एक, करडं दोन, पितळी घागर. पाचव्या पानावर एकच ओळ होती.

'दगडाबाई, वय अंदाजे पंचाहत्तर, पाय अधू. घरात होत्या.'

मालनबाईनं ती ओळ तीनदा वाचली. पुढच्या घराची ओळ सुरू झाली होती, पण तिची नजर तिकडं सरकेना. दगडाबाई तर आगीच्या आधीच ताडकळसला लेकाकडं गेली होती. अण्णांनीच सांगितलं होतं. एकदा नव्हे, चार माणसांत सांगितलं होतं.

यादीनंतर जबान्या होत्या, गुरुजींनी आगीनंतर परभणीहून वाघजळीला येऊन लिहून घेतलेल्या. बहुतेकांची नावं होती. एकीच्या वर मात्र गुरुजींनी लिहिलं होतं, 'ही बाई वाड्यातली नाही. गावातली आहे. तिच्या सांगण्यावरून नाव लिहिलेलं नाही.'

'घासलेटचा डबा आमच्या घरातून गेला. पिवळा, तारेच्या मुठीचा. मी सोता दिला. इंजनाला पायजे म्हणले, म्हणून दिला. मग मागं मागं गेले तर समदा गाव तिकडं. आत म्हातारी हाय, तिला उठता येत न्हाई, असं मी दोनदा म्हणले. मला घरी जा म्हणले. मी घरी आले. त्याच दिवशी दुपारी माझी लेक परभणीला बाळंत झाली होती. पोरगा झाल्याचा सांगावा मला त्या आगीच्या उजेडात मिळाला.'

पुस्तक हातातच राहिलं. वाघजळीत त्या वर्षी परभणीला एकच लेक बाळंत झाली होती. मालनबाईचा पोरगा ३ ऑगस्टचा.

मग तिला दवाखान्यातली दुसरी सकाळ आठवली. धाकटा भाऊ भुजंग पेढे घेऊन आला होता. वीस वर्षांचं पोर. उजव्या हाताला कोपरापर्यंत फडकं बांधलेलं. "काय झालं रे?" तिनं विचारलं होतं. "कडबा पेटलता, इझवायला गेलतो," तो म्हणाला होता. त्याच हातानं त्यानं तिला पेढा भरवला होता आणि तिनं तो खाल्ला होता. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मालनबाई? बरं वाटत नाही का?" समोरून बन्सीधररावांनी विचारलं.

तिनं पुस्तक त्यांच्यापुढं सरकवलं. त्यांनी जबानी वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आपल्या यादीत 'आगी व अपघात' असा विषय आहे," ते हळूच म्हणाले. "तो टाका."

"अपघात न्हाई हो हा."

"मला कळतंय. पण आधी तपासणी होऊ द्या. मग बघू."

तिनं पेन्सिलीनं लिहिलेलं 'स्थानिक इतिहास' खोडलं. तिथं दुसरं काही लिहिणं तिला त्या दिवशी जमलं नाही.

रविवारी ती राणीसावरगावच्या गाडीनं निघाली, फाट्यावर उतरली आणि चालत वाघजळीला गेली. व्यंकटराव ओसरीवर बसले होते. "नातवाला का न्हाई आणलं?" त्यांनी विचारलं. ती उत्तर न देता थेट परसात गेली. तिची आई नर्मदाबाई सुपात तूर निवडत बसली होती.

"माय, सिताराम गुरुजीला तू काय सांगितलं होतंस?"

नर्मदाबाईचा हात सुपात तसाच राहिला. तिनं एकदा ओसरीकडं पाहिलं.

"छापलं का त्यांनी?"

"छापलं. तुझं नाव न्हाई टाकलं."

"मीच म्हणले होते टाकू नका. तेवढी हिंमत न्हवती."

मालन तिच्यासमोर उकिडवी बसली. चुकीचं लिहिलंय, असं आईनं म्हणावं, एवढीच आशा धरून ती सगळी वाट आली होती. आता तीही उरली नाही.

"डबा कुणी मागितला?"

"भुजंगानं."

"आन् आत दगडाबाई हाय, असं दोनदा म्हणलीस ते कुणाला? त्यालाच?"

"त्याच्यापस्तोर मला कुणी जाऊ दिलं न्हाई. तुझे अण्णा वेशीपाशी हुभे होते. त्यांना म्हणले."

"गर्दीत ऐकू आलं नसंल त्यांना."

"मालन," नर्मदाबाई म्हणाली, "माझ्या तोंडाकडं बघून ते म्हणले, घरी जा. मी परत म्हणले, अवो ती जित्ती हाय. परत म्हणले, घरी जा. तवा अजून काडी वढली न्हवती."

ओसरीवर अण्णांचा खाकरण्याचा आवाज आला, लहानपणापासून ऐकलेला, आणि तिनं आवाज खाली आणला.

"पाच वर्सं झाली, माय. मला एका शब्दानं सांगितलं न्हाईस."

"कवा सांगू? तू बाळंतीण. मग पोराला घिऊन आलीस तर ह्यांनी त्याला खांद्यावर बसवून गावभर हिंडवलं. तू हासायलीस. कवा सांगू, तूच सांग."

मग नर्मदाबाईनं सूप बाजूला ठेवलं.

"आता नाव टाकता येतंय का?"

"पुस्तकात न्हाई येत. कार्डावर येतंय. कुणी नावानं शोधलं तर पुस्तक सापडतंय."

"मग टाक. नर्मदाबाई व्यंकटराव. पुरं टाक, त्यांच्या नावासगट."

मालन निघाली तेव्हा ओसरीवरून आवाज आला, "जेवून जा की." तिनं चप्पल पायात सरकवली आणि मागं न बघता वेस गाठली.

सोमवारी तिनं कार्डं टंकयंत्रावर काढली. एक 'जाळपोळ – वाघजळी, १९७८'. एक 'बौद्ध – अत्याचार – परभणी जिल्हा'. तिसरं 'दगडाबाई, मृत्यू ३ ऑगस्ट १९७८'. चौथं जबानी देणारी म्हणून 'नर्मदाबाई व्यंकटराव, वाघजळी'. चौथं करताना तीन कार्डं वाया गेली.

बन्सीधररावांनी चारही कार्डं हातात घेतली. तिला वाटलं, आता हे नको म्हणणार.

"ही तुमची आई?"

"हो."

मग त्यांनी दाखल नोंदवही ओढली आणि पुस्तकाचा क्रमांक स्वतःच्या हातानं लिहिला. "पुस्तक घरी द्यायचं नाही," ते म्हणाले. "आपल्याकडं एकच प्रत आहे. इथं बसून कुणीही वाचू दे." तपासणीचे साहेब आले, त्यांनी खण ओढून कार्डांची जाडी पाहिली, शाबासकी दिली आणि चहा पिऊन गेले. कार्ड एकही वाचलं नाही.

पण तालुक्याच्या गावात गोष्ट किती दिवस झाकून राहणार? महिन्याच्या आत भुजंग वाचनालयाच्या दारात उभा होता. आता पंचविशीचा, दोन पोरांचा बाप.

"अक्का, माझं नाव हाय म्हणं त्यात."

"तुझं न्हाई. अण्णांचं हाय ते मायच्या नावामागं, तेवढंच. मायचं हाय, तेबी तिनं सांगितलं म्हणून."

"कुठं हाय ते कार्ड?"

तिनं खण दाखवला. त्यानं तो ओढला, बोटं घालून कार्डं चाळली आणि एक हिसडून काढलं. खालच्या भोकातून दांडी जात होती, तिथं ते टरकन फाटलं. वाचकांनी माना वर केल्या. भुजंगनं हातात आलेलं कार्ड वाचलं. ते आईचं नव्हतंच.

"दगडाबाई?" तो म्हणाला. "ही तर ताडकळसला मेली ना? लेकाकडं?"

"न्हाई."

"अक्का, मी इचारलं होतं." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "आदी इचारलं होतं मी अण्णाला. आत कुणी न्हाई ना म्हणून. समदे रानाकडं पळाले, म्हातारी सकाळीच ताडकळसला गेली, असं म्हणले."

मालनबाईला वाटलं होतं की ऐकायचं ते सगळं ऐकून झालंय.

"मायनं सांगितलं होतं त्यांना," ती म्हणाली. "काडी वढायच्या आदी. दोनदा."

भुजंग बाकावर बसला. तोंड उघडं, डोळे कार्डावर. कुणीतरी मुस्काटात मारावी आणि कुणी मारली ते दिसू नये, तसा त्याचा चेहरा झाला होता. मालनबाईला भावाची कीव आली, आणि त्याच क्षणी त्या कीवेचा रागही आला.

"कुणी न्हवतं असं धरून चाल," ती म्हणाली. "एकोणीस घरं तर होती ना, भुजंग? ती तू पेटवलीस ना?"

त्यानं होय अशी मान हलवली. मग म्हणाला, "दे ते पुस्तक."

तो चौथीपर्यंत शिकलेला, गुरुजींच्याच हाताखाली. एकेका शब्दावर बोट ठेवत तो वाचत राहिला. पाच वाजले तेव्हा त्याची घरांची यादीसुद्धा संपली नव्हती. बन्सीधरराव किल्ल्या हातात घेऊन दाराशी थांबले, पण उठा म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो परत आला, तिसऱ्याही दिवशी आला. फाटलेल्या कार्डाच्या जागी मालनबाईनं तेच कार्ड नव्यानं टंकून लावलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो ताडकळसला गेला. दगडाबाईचा लेक, बळीराम, तिथं बाजारात शिवणयंत्र घेऊन बसायचा. तिथं काय झालं ते भुजंगनं फक्त आईला सांगितलं आणि आईनं मालनला. बळीरामनं सगळं ऐकून घेतलं. शिवी दिली नाही की हात उचलला नाही. "हे माझ्यापाशी न्हाई, फौजदारापाशी सांग," एवढंच म्हणाला आणि मशीनचं चाक फिरवलं. भुजंग बाजार उठेपर्यंत तिथंच जमिनीवर बसून राहिला. बळीरामनं त्याच्याकडं परत एकदाही पाहिलं नाही.

आठ दिवसांनी भुजंग ठाण्यात गेला आणि आपलं नाव घालून जबाब लिहून देऊन आला. जबाबात दुसरं नाव व्यंकटरावांचं होतं. नर्मदाबाईनं त्या दिवशी आपली दोन लुगडी बांधली, व्यंकटरावांची ओसरी उतरली आणि मळ्यातल्या गुरांच्या कोठ्यावर एकटी राहायला गेली.