कच्ची प्रत, पान दोनशे चौदा

मी पुस्तकं जमवतो असं सांगितलं की लोक आदरानं बघतात. ती वाचत नाही असं सांगितलं की बघायचे थांबतात. म्हणून दुसरं वाक्य मी सहसा गिळतो.

खरं तर मी पुस्तकंही जमवत नाही. पुस्तक होण्याआधी ते जे काही असतं, ते जमवतो. कादंबरी दुकानात येण्याच्या महिना-दोन महिने आधी प्रकाशक तिच्या चाळीस-पन्नास प्रती साध्या पुठ्ठ्यात डकवून समीक्षकांकडे धाडतो. चुका जशाच्या तशा, मुखपृष्ठावर चित्र नाही, फक्त एक छापील दम: ‘असंशोधित. यातून उतारे देऊ नयेत. विक्रीसाठी नाही.’ ही कच्ची प्रत. पक्कं पुस्तक आलं की तिनं गुपचूप रद्दीत जावं अशी अपेक्षा असते आणि बहुतेक जणी जातातही. ज्या जात नाहीत त्यांना मी आश्रय देतो. माझ्याकडे अशा तीनशे अकरा आहेत, दोन काचेच्या कपाटांत, कुलपात.

या छंदात न उघडलेली प्रत सर्वांत श्रेष्ठ. पुठ्ठा स्वस्त, डिंक त्याहून स्वस्त. प्रत एकदा सपाट उघडली की कणा मोडलाच. मी महिन्यातून एकदा प्रत्येक प्रत बोटभर फाकवतो, वाळवी नाही ना ते बघतो आणि मिटतो. माझी बायको याला ‘दवाखान्याची वेळ’ म्हणते.

यातली एकशे सातवी प्रत ही संग्रहाची शान. तिचा लेखक सहा वर्षांपूर्वी गेला. ही कादंबरी त्यानं लिहिली त्याला पंचवीस वर्षं होतील. तिच्यात एक नऊ वर्षांची मुलगी आहे, भिंगरी. ती तापानं आजारी पडते आणि शेवटी जाते. लोक ढसाढसा रडले, पुस्तकाला पारितोषिकं मिळाली, कॉलेजात ते अभ्यासाला लागलं आणि रडायचं थांबलं.

पण कच्च्या प्रतीत भिंगरी जात नाही. लेखकाची स्वतःची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, घरात तिलाही भिंगरीच म्हणायचे, आणि तिलाही ताप होता. कादंबरीतली भिंगरी बरी होऊन उठते, असं लिहून त्यानं मजकूर छापायला दिला. बेचाळीस कच्च्या प्रती समीक्षकांकडे गेल्या. त्यानंतर आठवड्याभरात घरातली भिंगरी गेली. लेखकानं शेवटची साठ पानं नव्यानं लिहिली आणि स्वतः दारोदार हिंडून प्रती परत गोळा केल्या. एकेचाळीस लगद्यात गेल्या. बेचाळिसावी एका नामवंत समीक्षकाकडे होती. त्यांनी ‘मिळालीच नाही’ म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी पाकीटच फोडलं नव्हतं. परीक्षण मात्र वेळेवर छापून आलं. त्यांच्या मागं त्यांच्या सुनेनं माळा साफ केला तेव्हा ते पाकीट माझ्या हाती लागलं.

दोन वर्षांपूर्वी लेखकाच्या पत्नीचं पत्र आलं. प्रत माझ्याकडे आहे हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. चार ओळींचं पत्र. ‘ह्यांची सगळी प्रूफं मी वाचत असे. ही वाचली नाहीत. तेव्हा मी मुलीपाशी होते. मला ती पानं एकदा वाचायची आहेत. तुमच्याकडे बसूनच वाचीन.’

मी विमा कंपनीत दावे फेटाळायचं काम करतो. नकाराचं पत्र लिहिण्यात माझा हात धरणारा आमच्या शाखेत कोणी नाही. ‘आपल्या भावनांची पूर्ण कदर आहे, तथापि प्रतीची बांधणी पाहता’ वगैरे. बायकोनं ते पत्र टपालात टाकण्याआधी वाचलं.

“कण्याची काळजी आहे का तुम्हाला?” ती म्हणाली. “मग स्वतःचा आधी दाखवून घ्या.”

यंदा महिन्याच्या तपासणीत एकशे सातवी फाकवली आणि हिरवी शाई दिसली. पहिल्याच पानावर. एका शब्दाला काट, समासात दुसरा शब्द, बारीक, डावीकडे कललेल्या अक्षरात. पुढच्या पानावर दोन दुरुस्त्या. अकराव्या पानापर्यंत होत्या. बाराव्यापासून कोरं.

“तू माझ्या प्रतीत काही लिहिलंस?”

“मी?” बायको भाजी निवडत होती. “त्या कपाटाला फडकं लावायलासुद्धा मला अर्ज करावा लागतो. आणि मी लिहिलं असतं तर पुस्तकात कशाला, थेट तुमच्या कपाळावर लिहिलं असतं.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर शाई बाविसाव्या पानावर. मी कुलूप बदललं. तेहेतीस. किल्ली गळ्यात घातली. चव्वेचाळीस. अखेर रविवारी दुपारी खुर्ची टाकून कपाटासमोर बसलो. एकदाच, चहा घ्यायला वळलो. पंचावन्न. पानावर शाई ओली होती. बोटाला लागली.

भीती वाटली का? वाटली, पण आधी वाटला तो संताप. संशोधित असंशोधित प्रत म्हणजे काय? त्याला काही अर्थ आहे का? ग्रंथालयातून पक्कं पुस्तक आणून मी ताडून पाहिलं. प्रत्येक दुरुस्ती पक्क्या पुस्तकाप्रमाणे होती. कोणीतरी दिवसाला अकरा पानं या वेगानं माझी कच्ची प्रत पक्की करत होतं. एकशे साठाव्या पानानंतर शब्द नाही, परिच्छेदच्या परिच्छेद उडू लागले. काटेची रेघ लांब, सरळ, पट्टी लावल्यासारखी.

मग मी तिच्याकडे गेलो. त्या मुलीच्या आईकडे. माझा हेतू उदात्त होता असं लिहायचा मोह होतो. तसं काही नव्हतं. हस्ताक्षर कोणाचं आहे ते मला कळायला हवं होतं. उद्या कोणी म्हणालं असतं, ह्यानंच खाडाखोड केली.

बाई दुसऱ्या मजल्यावर राहत होत्या. दोन खोल्या, स्वच्छ, टेबलावर चष्म्याच्या तीन जोड्या. सत्तरी पार केलेली, ताठ. मी मोबाइलवर काढलेला फोटो पुढं केला. त्यांनी एकदाच पाहिला.

“कितव्या पानावर आलेत?” त्यांनी विचारलं.

‘कोण?’ असं विचारायचं माझ्या ओठावर होतं. 

“आज सकाळी एकशे अठ्ठ्याण्णव.”

“आणि ती उठते ते पान?”

“मी वाचलेलं नाही,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे अपघाताचा दावा घेऊन येणारी माणसं काउंटरपलीकडून बघतात, तसं.

“दोनशे चौदा असणार,” त्या म्हणाल्या. “पक्क्या पुस्तकात ती जाते ते पान हेच. ते धाप लागेपर्यंत लिहायचे नि प्रकरण नेहमी डाव्या पानावर संपवायचे. म्हणजे परवा पोचतील. थांबा, चष्मा घेते.”

त्यांना घेऊन मी रिक्षानं घरी निघालो. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाल्या, “ह्यांना खोटं छापलेलं खपायचं नाही. एकदा विहिरीची खोली चुकली म्हणून अख्खा छापून झालेला सोळा पानांचा फर्मा परत मागवला होता. ती बरी झाली असं कुठंतरी छापलेलं आहे, एवढंच ह्यांच्या डोक्यात राहिलं. शेवटच्या आजारातसुद्धा विचारायचे, बेचाळिसावी सापडली का?”

“आणि तुम्ही काय सांगायचात?”

“सापडली म्हणून सांगायचे. आजारी माणसाला काय सांगणार? पण त्यांचं माझ्यावर लक्ष असायचं. खोटं पकडायचे.”

घरी बायकोनं पाणी दिलं, मग माझ्याकडे न बघता बाईंना म्हणाली, “तुम्ही टेबलाशी खुर्चीवर बसा. ह्यांना मी स्टुलावर बसवते.”

मी कपाट उघडलं. प्रत काढली. आयुष्यात पहिल्यांदा एक कच्ची प्रत मी टेबलावर सपाट उघडली आणि तळहातानं दाबली. कण्याचा आवाज झाला. कोणीतरी बोटं मोडल्यासारखा. पान दोनशे चार. शाई दोनशे दहावर पोचली होती; वेग वाढला होता.

“ह्यांना कळलं मी आले ते,” बाई म्हणाल्या. “घाई करतायत.”

चष्मा लावून त्या माझ्याकडे वळल्या. “प्रूफं आम्ही दोघं मिळून बघायचो. मी मोठ्यानं वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि ह्यांनी हातात पेन घेऊन मागोमाग यायचं. एकच नियम होता. माझ्या आवाजाच्या पुढं पेन न्यायचं नाही. तीस वर्षांत एकदाही नेलं नाही. फक्त या पुस्तकाला मी नव्हते.”

मग त्यांनी दोनशे अकरावं पान सुरू केलं, अगदी सपाट, रेल्वेच्या घोषणेसारख्या आवाजात.

“दिवस उजाडला तेव्हा खोलीत औषधाचा वास होता पूर्णविराम आईनं खिडकी उघडली स्वल्पविराम आणि पडदा बाजूला सारला पूर्णविराम”

त्या वाचत होत्या आणि त्यांच्या आवाजाच्या एक ओळ मागं हिरवी रेघ उमटत होती. मी पाहिलं. बायकोनंही पाहिलं, तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. पेन नव्हतं, हात नव्हता. वाचलेलं वाक्य काटलं जायचं, पुढचं कोरं असायचं. घाई थांबली होती. आवाजाच्या पुढं रेघ एकदाही गेली नाही.

दोनशे बारा संपलं. तेरा संपलं. सगळं काटलेलं. बाईंचा घसा कोरडा पडला होता. बायकोनं पाण्याचा पेला त्यांच्या हाताशी सरकवला.

पान दोनशे चौदा.

“भिंगरी उठून बसली पूर्णविराम” बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

 मग ‘भिंगरी’च्या ‘भि’पासून रेघ निघाली. हळू. मधेच अडखळली, पुढं सरली, ‘बसली’पाशी पोचली.

बाईंनी माझ्या शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली. विचारलंही नाही. काटलेल्या ओळीखाली त्यांनी एकेक करत टिंबं दिली आणि समासात लिहिलं, ‘असू दे’. छापखान्यातली ही जुनी रीत आहे. काटलेलं पुन्हा ठेवायचं असलं की खाली टिंबं द्यायची. खिळे जुळवणारा जुळारी काटेकडे न बघता टिंबांकडे बघतो.

समासात हिरवी अक्षरं उमटली. ‘खरं नाही.’

“माहीत आहे मला,” बाई पानाला म्हणाल्या. “मी तिथं होते. तुम्ही छापखान्यात होता.”

रेघ पुन्हा आली, टिंबांवरून. बाईंनी पुन्हा टिंबं दिली.

“अहो, ऐका,” त्यांचा आवाज आता घोषणेचा राहिला नव्हता. “मेलेली सगळीकडे आहे. दर वर्षी नवी आवृत्ती निघते तिच्या मरणाची. मुलं परीक्षेत लिहितात, भिंगरीच्या मृत्यूचं प्रयोजन सांगा, दहा गुण. एका प्रतीत उठली तर तुमचं काय जातंय? एका! तीसुद्धा ह्या माणसाच्या कपाटात, जिथं कोणी वाचत नाही.”

मी स्टुलावर जरा मागं सरलो.

शाई उमटली नाही. बाईंनी पुढची ओळ वाचली. “तिनं विचारलं दोन टिंबं अवतरणचिन्ह सुरू माझं बिस्कीट कोणी खाल्लं प्रश्नचिन्ह अवतरणचिन्ह पूर्ण”

मग त्या हसल्या. एकदम, मोठ्यानं. “हो, हे खरंच विचारायची! ताप उतरला की पहिलं बिस्कीट मोजायची.”

ओळीला काट पडली नाही. पुढच्याही नाही. त्या वाचत राहिल्या. भिंगरी खाटेवरून उतरते, पाय लटपटतात, भिंतीला धरून दारापर्यंत जाते. पडत नाही. प्रकरण डाव्या पानावरच संपलं. खालच्या मोकळ्या जागेत, त्या चष्मा पुसत असताना, हिरव्या शाईत एक शब्द आला, सगळं तपासून झाल्यावर लेखक शेवटच्या प्रूफावर लिहितो तो: ‘छापावे’. खाली सही. सहीचं शेवटचं अक्षर शाई संपल्यासारखं फिकं होतं.

बाई सहीवरून बोट फिरवत बसल्या. बोट हिरवं झालं. त्यांनी ते पुसलं नाही.

जाताना मी म्हणालो, प्रत तुम्ही घेऊन जा. मला स्वतःचाच आवाज परका वाटला. बायको दारात होती. तिनं बाईंच्या चपला सरळ करून ठेवल्या.

“नको,” बाई म्हणाल्या. “माझ्याकडे ह्यांची सगळी पुस्तकं आहेत. त्या कपाटात ती एकटी पडेल. इथं कच्च्या पुष्कळ आहेत.” पायरीवर थांबून म्हणाल्या, “कुलूप मात्र लावू नका.”

ही झाली चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. त्या मधून मधून येतात, बायकोशी बोलतात, ते पान वाचतात, जातात. हिरवी शाई पुन्हा आली नाही. बाकीच्या तीनशे दहा प्रतींनाही कोणी हात लावलेला नाही.

संग्रहाच्या वहीत एकशे सातव्या प्रतीपुढं ‘स्थिती’ या रकान्यात मी ‘कणा मोडलेला’ असं लिहिलं आहे. अशी प्रत मोडल्या जागीच उघडते, कुठूनही धरा. यात भुताखेताचं काही नाही, डिंकाचा दोष आहे. मी सकाळी ऑफिसला जाताना ती मिटून, वर दोन जाड शब्दकोश ठेवून जातो. संध्याकाळी येतो तेव्हा कोश बाजूला नीट रचलेले असतात, प्रत उघडी असते आणि भिंगरी उठून बसलेली असते.

बायको म्हणते, हे तिचं काम नाही. मी हल्ली विचारत नाही. फक्त कपाटात बिस्किटाचा पुडा ठेवायला लागलो आहे. अजून तरी कोणी खाल्लेला नाही. मी रोज मोजतो.