तात्पुरत्या भंतेंचा पलंग

मी पलंग बोलतोय. लोखंडी. भिंगारच्या छावणीत जवानांना पेलत माझी जवानी गेली. कधी कुरकुरलो नाही. कुरकुरतात ती लाकडं.

लष्कराच्या लिलावातून सोपानने मला राहुरीजवळच्या आपल्या गावी आणलं. पोराच्या लग्नात गादीचा दिवाण आला आणि माझी रवानगी वस्तीतल्या विहारात झाली. पाहुण्या भिक्खूंसाठी म्हणे. खरं तर माझ्यावर सतरंज्या झोपायच्या.

यंदा वर्षावासाला मिन्ह भंते आले. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूने एका जागी राहायचं, घराघराने पाळीने जेवण द्यायचं, अशी रीत. भंते मूळचे व्हिएतनामचे. लहानपणी आईबरोबर होडीतून पळाले, निर्वासितांच्या छावणीत वाढले, पुढे चीवर घेऊन भिक्खू झाले. कुठल्याच देशाने अजून त्यांना आपलं म्हटलेलं नाही. बहीण कॅनडात आहे. तिच्याकडे जायची आस. भिक्खूने आस धरू नये म्हणतात. धरली होती.

पण ते माझ्यावर झोपेनात. भिक्खूला उंच शय्या चालत नाही. फरशीवर चटई टाकायचे. जवानांना चाललो, यांना उंच झालो.

सोपानची बायको गीताबाई म्हणाली, "पाय कापू की. वीतभर ठिवू."

"नको," भंते मोडक्या मराठीत म्हणाले. "चांगला पलंग. मी थोड्या दिवसांचा."

रोज संध्याकाळी विहारात जागतिक परिषद भरायची. विषय, भंतेंच्या राहण्यावर कायमचा उपाय. मोठ्या देशांनी अशा लोकांसाठी तीन वाटा आखल्यात. माघारी जा, आहात तिथं राहा, नाहीतर तिसरीकडे जा.

"जावयाला मी हेच तीन सांगते," गीताबाई म्हणाली. "हालत न्हाई."

"कॅनडावाले काय म्हणत्यात?" सोपानने विचारलं.

"विचार चालू."

"आमच्या पाटाचं बी तसंच हाय. विचार चालू, पानी न्हाई."

वर्षावास संपला. चीवरदान झालं, हार झाले, फोटो झाले. भंतेंना पोचवायला टेम्पो सजवला. ड्रायव्हर रविराजने विचारलं, "कुठं सोडायचं?"

सगळे सोपानकडे बघायला लागले. सोपान भंतेंकडे. निरोपाची एवढी तयारी केली, पण जाणार कुठं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"स्टेशन," भंते म्हणाले.

"आन फुडं?" गीताबाई.

भंते चीवराची घडी नीट करत राहिले.

"मंजी फलाटावर. कॅनडा बोलंस्तवर." गीताबाई टेम्पोत चढली आणि त्यांचं बोचकं घेऊन उतरली. "रविराज, जा. येताना वेल्डिंगवाल्याला घिऊन ये."

"अगं, पोलिसांत कळवावं लागंल," सोपान म्हणाला.

"कळीव की. पलंग बी दाखीव."

माझे पाय कापले. मी हूं की चूं केलं नाही. लष्कराचा माल वीतभर उरला.

आता भंते माझ्यावर झोपतात. चांगले घोरतात. हा काही कायमचा उपाय नव्हे, एवढं लोखंडालाही कळतं. राहण्याची मुदत संपत आली की सोपान त्यांना घेऊन नगरला चकरा मारतो. कॅनडाचा विचार अजून चालूच आहे.

तेव्हा बैठका घेणाऱ्या साहेबांनो, माझं ऐका. या माणसाला बहिणीकडे पाठवा. माझी काळजी करू नका. इतक्या बुटक्या पलंगावर दुसरं कोणी झोपणार नाही, ठाऊक आहे. चालेल. रिकामा राहीन.