दोघं एका ठोक्याला

पियानोवर उजव्या हाताने तीन सूर वाजवायचे आणि तेवढ्याच वेळात डाव्याने दोन. पहिला ठोका दोन्ही हातांचा एकत्र, मग ज्याची त्याची वाट. ऑनलाइन शिकवणाऱ्या सरांनी महिनाभर हेच घोटून घेतलं. वाटा जमल्या, पहिला ठोकाच जमेना. एक हात उतरला की दुसरा वरच अडायचा.

का अडायचा, ते मला ठाऊक होतं.

मी अकरा वर्षांची होते. दिवाळीचे पोहे कांडायला रुक्मिणीकाकी जमिनीतल्या वायनाशी, म्हणजे पुरलेल्या उखळाशी, बसलेली, मुसळ माझ्या हातात. मुसळ वर गेलं की काकीचा हात आत जायचा, पोहे परतून बाहेर यायचा. माझी मैत्रीण आकांक्षा बघतेय म्हणून मला चेव आला. ठोका लवकर टाकला. मुसळ आणि हात, दोन्ही एकदम आत.

"काकीन हात उशिरा काढल्यान," मी सांगितलं. काकी गप्प राहिली. कुणकेश्वरला बायकांच्या भजनात पेटी वाजवायची ती. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली, पेटी माळ्यावर गेली. "रुक्मिणीचा ध्यान खंय असता, देव जाणे," लोक वीस वर्षं म्हणत राहिले. मी ऐकत राहिले.

आज ती माझ्यामागे ओले काजूगर सोलत होती.

"गो प्राजक्ता, पयल्या ठोक्याक दचाकतंस कित्याक?"

मी वळले नाही. "काकी, त्या दिवशी मी चुकलंय. तुझो हात येळेवर होतो."

सोलणं थांबलं.

"माका म्हायत नाय? हात कोणाचो होतो?"

"मग बोललंस कित्याक नाय?"

"पोराक काय बोलाचा? म्हटला, मोठा झाला की सांगात. वीस वर्सां लावलंस, बाय."

पदराला हात पुसत ती शेजारी येऊन बसली.

"बाजूक सर. डावो हात काढ. ते दोन मी वाजवतंय. धर: दोगां... तू, मी, तू. दोगां... तू, मी, तू."

'दोगां' आलं. तिचं वाकडं बोट उतरलं, माझं वरच.

"टाक गो! हयसर मुसळ नाय."

पुन्हा मोजलं. या वेळी दोन्ही बोटं एकदम उतरली. तिचं बोट दुखलं की काय, म्हणून मी बघत राहिले.

काकीने कोपराने ढोसलं. "थांबतंस कित्याक? फुडे तू."