धनेशचे अधांतरी बटाटे

धनेशच्या शेडमध्ये बटाटे हवेत लटकतात. माती नाहीच. वर थर्माकोलला भोकं, भोकांत रोपं. खाली काळ्या प्लास्टिकच्या बंद पेटीत मुळं नुसती लोंबतायत. पंप थोड्या थोड्या वेळाने त्यांच्यावर फवारा मारतो, पाण्यातच खत. एसी चालू. पनवेलच्या उकाड्यात बटाटे!

आयडिया माझी होती. लिहून टाकतो, तेवढंच पोट शांत.

धनेश माझा चुलतभाऊ. व्हिडिओ बघून बघून मी गच्चीवर ड्रममध्ये हे पहिल्यांदा केलं, तेव्हा तो हसला होता. मग एक दिवस मी कामावर असताना लाइट गेली, पंप बंद पडला. घरी आलो तर मुळं वाळून सुतळी. धनेशने ते नीट बघून घेतलं आणि पनवेलजवळच शिरढोणला शेड टाकली. जनरेटरसकट.

रविवारी पहिली काढणी होती. अख्खी भावकी बोलावली. मलाही फोन. "ये रे, तूच तर आपला गुरू." हसावं की कानाखाली द्यावी, कळेना.

काकी, म्हणजे धनेशची आई, आरतीचं ताट घेऊन आली. गावदेवीच्या नावाने ओवाळल्याशिवाय पहिलं पीक काढायचं नाही, आमच्यात भाताचंही असंच. पेटीचा पडदा वर केला, ताट पुढे नेलं आणि नेमका फवारा सुटला. दिवा विझला.

"बंद कर रं ते मशीन," काकी म्हणाली. "आरती हाय, आंघोळ नाय."

सगळे खिदळले. धनेशने पंप बंद केला.

आरती झाली. मग फोटो. मग उरणची आत्या उशिरा आली म्हणून परत आरती, परत फोटो. पडदा वरच. एसीचा वारा थेट मुळांवर. धनेश पाव्हण्यांना सरबत देत फिरतोय, पंप विसरला. मला दिसत होतं, मुळांची चमक चाललेली. आता बारीक टोकं वळायला लागणार.

खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. वाळू दे. माझी वाळली तेव्हा कोण आलं होतं सरबत प्यायला?

"आपल्यात असं करणारा धनेश पयला हां," बळीराममामा म्हणाला.

वाळू देच.

मग मुळांत वाटाण्याएवढे बारके बटाटे दिसले, नुकते धरलेले. माझ्याकडे एवढंही कधी आलं नव्हतं. मी जाऊन बटण दाबलं.

फवारा थेट ताट धरून फोटोला उभ्या असलेल्या आत्याच्या तोंडावर. दिवा गेला, ताट पडलं.

"मेल्या, बघवलं नाय ना तुला?" काकी ओरडली. "लेकाचं चांगलं झालं तर पोटात दुखतंय!"

धनेशने पेटीत वाकून पाहिलं. चेहरा उतरला. हळूच मला विचारलं, "गेली असती?"

"अजून थोडा वेळ, मग गेलीच असती."

मला वाटलं, आता सांगेल सगळ्यांना. तो वळला आणि हसत म्हणाला, "जाऊ दे गं आई, भाऊ हाय. थोडा जळणारच."

सगळे हसले. त्याने माझ्या हातात टोपली दिली. "मोठेच तोड, बारके राहू दे."

मला शिकवतोय.

मी तोडायला लागलो. स्वच्छ, गुळगुळीत, मातीचा कण नाही. एक बटाटा तळहातावर घेतला. काय सुंदर आला होता! त्याचाच जास्त राग आला.