विहिरीतलं पोहणं

"बेटावर राहायला? आन् तिथं कोण राहतं?"

"कोणीच नाही, वहिनी. म्हणून तर जायचं."

सुकन्याच्या हातातली पळी कालवणातच थांबली. नणंद पुण्याला नोकरीला लागल्यापासून असलं काहीबाही डोक्यात घेऊन यायची, पण या खेपेला तेजश्रीनं हद्दच केली होती. कोकणात किनाऱ्यापासून आत समुद्रात बेटं आहेत म्हणे. तिथं होडीतून जायचं, तंबू ठोकायचे, तीन दगडांच्या चुलीवर रांधायचं, दोन दिवस राहायचं आणि परत यायचं. वर त्याला सहल म्हणायचं! उघड्यावर चूल मांडायला गावातली निम्मी घरं दरवर्षी ऊसतोडीला जातात, पण ती पोटासाठी. हौसेनं असं कोण राहतं? त्यात ही पोरगी म्हणत होती, "तूपण चल."

"मला कुठं नेतीस बाई? नवरा नसलेली बाई समुद्रावर हिंडाया गेली म्हणून गाव काय म्हणंल?"

"गाव तीन वर्षं म्हणतंच आहे की. दोन दिवस आणखी म्हणू दे."

तेजश्री सहज बोलली, पण सुकन्याला ते लागलं, कारण ते खरं होतं. तीन वर्षांपूर्वी सुकन्याचा नवरा अंगद धरणाच्या पाण्यात गेला. काठापासून बरंच आत, तराफ्यावर त्यांची शेताला पाणी देणारी मोटार होती. ती पाणी ओढेना, म्हणून तो एकटाच सकाळी गेला, तो परत आला नाही. काठावरच्या बाभळीखाली त्याच्या कपड्यांची नीट घडी सापडली आणि दुसऱ्या दिवशी तो सापडला. दम तुटला असेल, असं चार माणसं म्हणायला लागली होती. पण गहिनीनाथरावांनी, म्हणजे अंगदच्या सख्ख्या बापानं, पंचनाम्याला आलेल्या फौजदारासमोर छाती ठोकून सांगितलं, "माझा पोरगा पट्टीचा पवणारा. तो बुडत नसतो. त्यानं जीव दिला."

काय म्हणावं या अभिमानाला! पोरगा गेला ते चाललं, पण पोराला पोहता येत नव्हतं असं कुणी म्हणायला नको.

बापच असं म्हणाला, मग गावाला काय? जवान माणूस जीव देतो तर कावून देतो? घरात काहीतरी झालं असणार. आणि घरात कोण? बायको. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. शेजारच्या साखराबाईनं तर दहाव्यालाच सुकन्याकडं असं पाहिलं, की तिनं मान खाली घातली ती घातलीच.

सगळ्यात वाईट हे, की सुकन्यालाही तसंच वाटत होतं. त्या सकाळी माहेरी जाण्यावरून दोघांचं वाजलं होतं. तो न जेवता निघाला, तेव्हा ती रागानं म्हणाली होती, "संध्याकाळपातूर तोंड दाखवू नका." असं तर घरोघरी कुणी ना कुणी कुणाला म्हणतंच. पण तिच्या बाबतीत ते खरं झालं. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या बोलण्यानं माझा माणूस गेला, एवढं एकच उराशी धरून ती तीन वर्षं त्या घरात भाकरी थापत होती.

बेटाचं ऐकून गहिनीनाथराव घर डोक्यावर घेतील असं दोघींना वाटलं होतं. झालं उलटंच.

"जा की! पाण्याला काय भ्यायचं? आमच्या घरात पवता येत न्हाई असं मांजर बी न्हाई. सुकन्याला येत न्हाई, तर ती होडीत बसंल."

त्यांच्या मळ्यातल्या विहिरीवर गावाच्या तीन पिढ्या पोहायला शिकल्या होत्या. शिकवण्याची रीत ठरलेली. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि पोराला कठड्यावरून सरळ खाली ढकलायचं. थोड्या दिवसांनी डबा सोडायचा. मग मुटका, मग सूर, आणि शेवटी बुडाला जाऊन मुठीत गाळ घेऊन वर यायचं. गाळ आणला की पोरगं पास. अंगदनं तो शाळेत जायच्या आधी आणला होता, हे गहिनीनाथराव पाहुण्यारावळ्यांना अजून सांगायचे.

मग ओसरीवर सहलीची तयारी सुरू झाली. तेजश्रीनं तंबू, दोऱ्या आणि पाण्याचे मोठे कॅन मांडले. बेटावर गोडं पाणी नाही, पिण्याचं इथूनच भरून न्यावं लागेल, असं ती म्हणाली.

"चहूकडं पाणी आन् प्यायला थेंब न्हाई?" गहिनीनाथराव थक्क झाले. "मंग ते आपल्या गावाहून वंगाळ हाय की!"

"आणि आबा, तंबू वर चढावर लावायचा. दिवसातून दोनदा पाणी वर येतं."

"दोनदा? कोण सोडतं?"

तेजश्री हसून लोळली. सुकन्यालाही हसू आलं, आणि आपण हसलो याचाच तिला धक्का बसला.

एवढ्यात मालवणकडच्या नाववाल्याचा फोन आला. त्यानं एकच अट घातली: पाण्यावर तरंगतं ठेवणारं जॅकेट घातल्याशिवाय होडीत कुणालाही घेणार नाही, कितीही पोहता येत असलं तरी. झालं! गहिनीनाथरावांचं नाक लाल झालं.

"जाकीट? आमाला? तेजे, येत्या रविवारी धरणावर चला. तुमचं समदं सामानसुमान घ्या, होडी घेऊ, आन् दाखवतो जाकीट लागतं का ते. हातच्या काकणाला आरसा कशाला!"

धरणाचं नाव निघालं आणि सुकन्यानं हातातली दोरी खाली ठेवली. तीन वर्षांत त्या घरातलं कुणी धरणाकडं फिरकलं नव्हतं. शेताला जाणारी वाटसुद्धा त्यांनी बदलली होती. पण सासऱ्यापुढं बोलायची तिची टाप नव्हती.

रविवारी मासे धरणाऱ्या पप्पूनं होडी काढली. तेजश्रीनं पुण्याहून आणलेली नारिंगी जॅकेटं स्वतःला आणि वहिनीला चढवली. रिकामे कॅन, दोऱ्या, तंबू, सगळं जायच्या दिवशी असेल तसं होडीत भरलं. गहिनीनाथराव मात्र बंडी काढून उघडे बसले. साठी उलटली तरी छाती दाराएवढी.

"पप्पू, तराफ्याकडं घे."

"मामा, तिकडं कावून?" पप्पू चाचरला.

"घे म्हणतो न्हवं! हितून काठ म्हंजी माझ्या पोराला काय व्हतं, ते बघू द्या एकदा समद्यांना."

सुकन्यानं होडीची कड घट्ट धरली. तोच तराफा, तीच मोटार, आणि समोर काठावर ती बाभूळ. काय मिळवायचं होतं या माणसाला? पोरगा जीव देऊन गेला, हे पुन्हा एकदा सिद्ध करायचं होतं? तिला त्या क्षणी सासऱ्याचा मनापासून राग आला.

गहिनीनाथरावांनी सूर मारला. सूर झकास होता. मग धपाधप हात मारत ते काठाकडं निघाले, पाणी उडालं, पप्पू "वा मामा!" म्हणाला. होडी हळूहळू त्यांच्या मागून चालली होती. वारा सुटला होता. अर्ध्याच्याही अलीकडं त्यांचे हात मंद झाले. मान वर झाली. आणि सुकन्याला ते दिसलं.

त्यांचा उजवा हात पाणी मारायचा सोडून बाजूला गेला. बोटं फाकली. हात काहीतरी चाचपडत होता. मग डावा गेला, तोही चाचपडला. हे तिनं मळ्यातल्या विहिरीवर उभं राहून किती वेळा पाहिलं होतं! चार हात मारायचे, बाजूच्या दगडाला धरायचं, दम घ्यायचा, वळायचं. लहानथोर सगळे तसंच करायचे. अंगदही तसंच करायचा. इथं दगडच नव्हता. गहिनीनाथरावांचं डोकं पाण्याखाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं.

"आबा!" तेजश्री किंचाळली आणि जागच्या जागी थिजली. पप्पूनं वल्ही जोरात मारली. सुकन्याला काय करावं ते सुचलं नाही, पण तिच्या हातांना सुचलं. तिनं दोरी बांधलेला रिकामा कॅन उचलून फेकला. त्यांनी त्याला मिठी घातली. तिघांनी ओढून त्यांना होडीत घेतलं, तेव्हा ते तंबूच्या गुंडाळीवर पालथे पडून पाणी ओकत होते.

बऱ्याच वेळानं ते उठून बसले. स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत राहिले.

"काठ लागंना," ते म्हणाले. "चार हात मारले की दगुड लागतो. जलमभर लागला. हितं लागंना गं... लागंनाच."

मग त्यांनी तराफ्याकडं पाहिलं. बाभळीकडं पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"आंगद," ते म्हणाले.

सुकन्याच्या कानात नुसतं घूं वाजत होतं. तीन वर्षं तिनं ज्याच्यापुढं कधी मान वर केली नव्हती, त्या माणसावर ती ओरडली.

"तुमी फौजदाराला काय सांगितलं व्हतं, मामा? पट्टीचा पवणारा म्हणून सांगितलं. त्यांला पवता येत व्हतं का? बोला की! येत व्हतं का?"

गहिनीनाथरावांनी पुन्हा आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं.

"विहिरीत येत व्हतं, सुकन्या," ते म्हणाले.

परतताना ते घरी गेले नाहीत. ओल्या धोतरानं तडक मळ्यातल्या विहिरीवर गेले. सुट्टीची पोरं मुटके मारत होती, हौदावर बाया धुणं धूत होत्या, त्यांत साखराबाईही होती. सगळ्या बाया सुकन्याच्या अंगातलं नारिंगी जॅकेट बघायला लागल्या. ते काढायचं तिला भानच नव्हतं.

"आयका समदे!" गहिनीनाथरावांचा आवाज फाटला होता. "माझ्या आंगदनं जीव दिला न्हाई. तो बुडला. त्याला धरणात पवता येत नव्हतं, आन् मला बी येत न्हाई. मी तुमाला कुणालाच पवायला शिकवलं न्हाई, फकस्त विहिरीतून वर यायला शिकवलं. आजपासून कुणी धरणात उतरायचं न्हाई. आन् माझ्या सुनंला कुणी नावं ठेवायची न्हाईत." मग ते लेकीकडं वळले. "तेजे, त्या नाववाल्याला फोन लाव. म्हणावं, दोघी बी येत्यात. जाकीट घालून."

साखराबाईच्या हातातलं लुगडं हौदात सुटलं.

आता आपल्याला हलकं वाटेल, असं सुकन्याला वाटलं होतं. बोल गेला होता, तिच्या माथ्यावरचं खून केल्यासारखं ओझं गेलं होतं. पण हलकं वाटलं नाही. तिला मोटार आठवली. अंगदला जाळून आल्यावर कुणीतरी शेतातलं बटण दाबलं होतं आणि किती दिवस अडलेलं पाणी भसाभस आलं होतं. दुःखात कुणी त्याचा विचार केला नव्हता. म्हणजे तो तराफ्यावर पोचला होता. त्यानं पाइपात अडकलेलं गवत उपसलं होतं, काम पुरं केलं होतं, आणि उपाशीपोटी माघारी वळला होता. अर्ध्या वाटेत त्याचा हात बाजूला गेला असेल. दगड शोधत. जीव देणारा माणूस दगड शोधत नाही.

ती मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. तीन वर्षं ती चोरासारखी रडली होती. नवरा गेलेल्या बाईसारखी आज पहिल्यांदा रडली.

साखराबाई ओल्या हातांनी जवळ आली. "उगी बाई, उगी. देव पावला, तुझा बोल गेला. आता कावून रडतीस?"

"ते घरी येत व्हते, काकू," सुकन्या म्हणाली. "मला तोंड दाखवायला येत व्हते."